हाड, सुई आणि दुखणं



सोलापुरात, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावात, त्यांच्या स्मरणार्थ बोलायचं आणि बोलणारा अस्थिरोगतज्ज्ञ. तेव्हा हाडांविषयी काहीतरी बोलेल, अशी आयोजकांची अपेक्षा असणार. मी विषय कळवला अॅक्युपंक्चरचा, आणि तोही मोडलेल्या पावलाच्या संदर्भात. कारण माझ्या ओपीडीत हा विषय सतत दारात उभा असतो. एक जण ताज्या फ्रॅक्चरचा फोटो हातात घेऊन विचारतो, "डॉक्टर, प्लॅस्टर टाळता येईल का? सुया टोचून हाड जुळतं म्हणतात." दुसरी बाई प्लॅस्टर निघून काही महिने झाल्यावर येते आणि म्हणते, "फोटो चांगला आहे म्हणता, मग पाऊल टेकवत का नाही?" पहिल्याला मी स्पष्ट नाही म्हणतो. दुसरीला अलीकडे काही वेळा सुयांसाठी पाठवतो. हे दोन्ही एकाच डॉक्टरने का करावं, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात कोटणीसांपासूनच करायला हवी, कारण भारतातल्या अॅक्युपंक्चरला त्यांचं नाव कायमचं चिकटलं आहे. लुधियानात त्यांच्या नावाचं अॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. त्यामुळे बऱ्याच लोकांना वाटतं की कोटणीस चीनमध्ये सुया टोचायला शिकले. तसं नाही. १० ऑक्टोबर १९१० ला इथे जन्मलेले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शस्त्रवैद्य म्हणून. पथकात पाच जण होते : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. जपानी आक्रमणाच्या आघाडीमागे गोळ्या काढणं, तुटलेले पाय वाचवणं, सडलेली बोटं कापणं हे त्यांचं काम होतं. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले.

चीनमधल्या येनानच्या रुग्णालयात अॅक्युपंक्चर शिरलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. १९४४–४५च्या सुमारास औषधांची टंचाई आणि परंपरागत वैद्यांशी हातमिळवणी करण्याचं कम्युनिस्ट पक्षाचं नवं धोरण, या दोन्हींमुळे रेन त्सो-तिएन नावाच्या वैद्याने तिथल्या आधुनिक डॉक्टरांना सुया शिकवल्या. शिकणाऱ्यांत चू लिएन ही डॉक्टर होती. तिने १९५१ साली नव्या अॅक्युपंक्चरवर पुस्तक लिहिलं आणि त्यात प्राचीन परिभाषेला मज्जासंस्थेच्या भाषेत बसवण्याचा प्रयत्न केला. हाच धागा पुढे भारतात आणला कोटणीसांच्या सहकाऱ्याने, डॉ. बिजयकुमार बसूंनी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात परत येऊन रुग्णांवर वापरू लागले. आपल्या दिवंगत मित्राच्या नावाने त्यांनी समिती चालवली, शिबिरं घेतली. म्हणून सुईबरोबर कोटणीसांचं नाव आलं. मला त्यातली मैत्री फार मोलाची वाटते. पण विद्येची परीक्षा मैत्रीवर करता येत नाही, आणि शस्त्रवैद्य असलेल्या कोटणीसांनाही तसं करणं पटलं नसतं असं मी धरून चालतो.

आता पावलाकडे वळू. आपल्या एका पावलात २६ हाडं असतात. त्यांतलं करंगळीमागचं लांब हाड, पाचवं मेटाटार्सल, पाय आत मुरगळला की हमखास दुखावतं. पायरी चुकली, फरशीवर पाणी होतं, एस.टी.तून उतरताना पाय वाकडा पडला, की या हाडाच्या मागच्या टोकाचा कपचा स्नायू आणि बंधांच्या ओढीने निघतो. हे फ्रॅक्चर दिसायला भीतीदायक, पण स्वभावाने सरळ. कडक तळाचा बूट किंवा काही आठवड्यांचं प्लॅस्टर, की जुळतं. तेच हाड त्या टोकाच्या पुढे बोटभर अंतरावर मोडलं, तर गोष्ट वेगळी होते. लिव्हरपूलचे सर रॉबर्ट जोन्स यांचं स्वतःचंच हाड नाचताना त्या जागी मोडलं आणि १९०२ साली त्यांनी स्वतःच्या आणि इतर रुग्णांच्या पायांवर निबंध लिहिला. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. त्या जागेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिथलं हाड महिनोन् महिने न जुळता राहू शकतं आणि कधी कधी स्क्रू घालावा लागतो. वरून हात लावून ही दोन फ्रॅक्चरं वेगळी ओळखणं अवघड असतं. फोटोच काढावा लागतो.

हाड जुळतं कसं? मोडल्या जागी रक्त साकळतं. त्या गाठीत पेशी येतात, सूज येते. ही सूज शत्रू नाही, तीच दुरुस्तीची सुरुवात आहे. दोन-तीन आठवड्यांत मऊ कूर्चेचा पूल तयार होतो, पुढे त्यात कॅल्शियम भरतं, आणि मग वर्षभर शरीर त्या ओबडधोबड गाठीला तासून मूळ आकाराकडे नेत राहतं. या सगळ्याला तीन गोष्टी लागतात : टोकं एकमेकांजवळ, फार हालचाल नाही, आणि रक्त. तंबाखूने त्या तिसऱ्या गोष्टीवरच घाला येतो. आमच्याकडे प्लॅस्टरमध्ये पाय वर ठेवून मळत बसलेले लोक पाहिले की जीव तळमळतो. या तिन्ही गोष्टींपैकी सुई काय देते? सरकलेली टोकं ती जागेवर आणू शकत नाही, आणली तर धरून ठेवू शकत नाही. प्राण्यांवर विजेच्या सुयांचे काही प्रयोग झाले आहेत, पण माणसाचं मोडलेलं हाड सुईमुळे लवकर जुळतं, असं खात्रीने म्हणावं असा पुरावा आजमितीस नाही.

इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो, कारण ती सहसा सांगितली जात नाही. खुद्द चीनच्या परंपरेत मोडलेलं हाड हे सुईवाल्याचं काम नव्हतंच. हाड बसवणाऱ्यांची तिथे वेगळी शाखा होती. नवव्या शतकात लिन ताओ-रेन या संन्याशाच्या नावावर एक ग्रंथ आहे. त्यात हाड ओढून जागेवर आणणं, झाडाच्या सालीच्या पट्ट्या बांधणं, सांधे आखडू नयेत म्हणून हलवणं, हे सगळं आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सा अशीच स्वतंत्र आहे : काण्डभग्न म्हणजे हाड मोडणं वेगळं, संधी निखळणं वेगळं, आणि बांधायला पिंपळ, उंबर, अर्जुन, पळस यांच्या सालींच्या आणि बांबूच्या पट्ट्या. चीनमध्ये ही परंपरा विसाव्या शतकातही जिवंत राहिली. १९६०च्या दशकात तिएनत्सिनमध्ये पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले अस्थिशल्यविशारद फांग शिएन-चिह आणि शांग तिएन-यू यांनी जुन्या हाडवैद्यांकडून लाकडाच्या छोट्या पट्ट्यांचं तंत्र घेतलं. हाड स्थिर, पण आजूबाजूचे सांधे आणि बोटं पहिल्यापासून हलती, अशी त्यांची पद्धत होती. आधुनिक अस्थिशास्त्र लवकर हालचाल करण्याच्या विचाराकडे वेगळ्या वाटेने आलं, पण दोघांचा रोख एकच आहे. म्हणजे चीनचा वैद्य हाडासाठी काय वापरत होता, याचं उत्तर हात आणि पट्टी असं आहे. आपल्याकडे काही सुईवाले चीनच्या पाच हजार वर्षांचा हवाला देऊन फ्रॅक्चरवर सुया टोचतात, तेव्हा ते चिनी परंपरेलाही धरून वागत नाहीत.

मग सुई कशासाठी? दुखण्यासाठी.

आणि दुखणं म्हणजे हाड नव्हे. एका बाईंचं उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. विड्या वळणाऱ्या. जिन्यावरून पाय घसरला, पाचव्या मेटाटार्सलचं सरळ फ्रॅक्चर. प्लॅस्टर झालं, निघालं, हाड जुळलं. पण त्या पाऊल सपाट टेकवेनात. टाच आणि आतल्या कडेवर भार देत लंगडत चालायच्या, त्यामुळे पोटरी दगडासारखी झालेली आणि गुडघाही कुरकुरायला लागलेला. पायाला हात लावायला गेलं की पाय मागे. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की फोटो स्वच्छ आहे, दुखणं मनाचं आहे, काम टाळायला करता. हे ऐकून घरी गेलेली बाई व्यायाम कसा करणार?

आमच्याच गावात रीतसर शिकलेल्या एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे मी बाईंना पाठवलं आणि वेळ काढून स्वतःही जाऊन बसलो. सुई म्हणजे पाव मिलिमीटर जाडीची, टोकदार पण पोकळ नसलेली तार. इंजेक्शनची सुई तिच्या दुप्पट-तिप्पट जाड, पोकळ आणि तिरकी कापलेली असते, म्हणून ती कातडी कापत जाते. ही तंतू बाजूला सारत आत जाते. स्पिरिटने जागा पुसली, नळीतून सुई उभी धरली, वरून टिचकी मारली. बाईंनी डोळे घट्ट मिटले होते, त्यांना आत गेल्याचं कळलंच नाही. मग डॉक्टरांनी सुई बोटांत धरून हलकेच फिरवली तेव्हा बाई म्हणाल्या, "जड झालं." चिनी वैद्य याच जडपणाची, झिणझिण्यांची वाट पाहतात; त्याला ते दे-ची म्हणतात. बाहेरचा घोटा आणि टाचेची शीर यांच्यामधल्या खळग्यात कुनलुन, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या हाडांमध्ये ताइचोंग, गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूला त्सु-सान-ली, अशा बिंदूंवर सुया होत्या. मोडलेल्या जागेवर एकही सुई नव्हती. वीस मिनिटं त्या पडून राहिल्या. सुया काढल्यावर डॉक्टरांनी त्यांचा तळवा आपल्या हाताने जमिनीवर टेकवला, वरून दाबला आणि विचारलं, "मोडतंय का काही?" बाईंनी मान हलवली. त्याच तासात फिजिओथेरपिस्टने पोटरीचे ताण आणि पाऊल टेकवून उभं राहणं सुरू केलं. पुढच्या आठवड्यांत सुया हळूहळू कमी झाल्या, व्यायाम वाढत गेला आणि बाई कामावर गेल्या.

यात सुईचा वाटा किती, स्पर्शाचा किती, शांत पडून राहण्याचा किती, आणि कुणीतरी दुखणं खरं मानलं याचा किती? मला वेगळं काढून सांगता येणार नाही. एका रुग्णावरून ते कधीच सांगता येत नाही. म्हणून मोठ्या प्रयोगांकडे जावं लागतं, आणि तिथलं चित्र सुईच्या भक्तांनाही अवघड जाणारं आहे, विरोधकांनाही.

आधी शरीर काय करतं ते पाहू. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एका दारातून जातो, आणि इतर संवेदना ते दार लोटून घेऊ शकतात. १९७०च्या दशकात पेकिंगमध्ये हान ची-शेंग यांनी सुया टोचलेल्या सशाच्या मज्जारज्जूभोवतीचं द्रव दुसऱ्या सशाला दिलं. सुया न टोचताच दुसऱ्याची वेदना सोसण्याची मर्यादा वाढली. म्हणजे काहीतरी रसायन तयार होत होतं. त्याच दशकात इतर प्रयोगशाळांनी दाखवलं की अफूवर्गाचा परिणाम उतरवणारं नॅलोक्झोन दिलं की सुईचा वेदनाशामक परिणामही बराचसा पुसला जातो. शरीर स्वतःचं मॉर्फिन तयार करतं, हा शोध त्याच सुमारास लागत होता. त्यामुळे सुईने काहीच होत नाही, हे म्हणणं टिकत नाही.

पण ठरावीक बिंदूंचं काय? जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाठदुखीच्या प्रयोगात ११६२ रुग्ण होते. एक तृतीयांश रुग्णांना चिनी शास्त्राप्रमाणे सुया, एक तृतीयांश रुग्णांना मुद्दाम चुकीच्या जागी वरवर सुया, आणि उरलेल्यांना औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के, खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांत २७.४ टक्के लोकांना उपयोग झाला. सुया टोचून घेणाऱ्यांना जास्त फायदा झाला हे खरंच, पण कुठे टोचल्या याने फारसा फरक पडला नाही. पुढे वेगवेगळ्या प्रयोगांमधल्या १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचा एकत्र अभ्यास २०१२ साली झाला. त्यात खऱ्या सुया खोट्यांपेक्षा सरस ठरल्या, पण ती सरसी लहानच होती. यावरून मी माझ्यापुरतं मत केलं आहे : नकाशे आणि वाहिन्या यांच्यावर जेवढा भर दिला जातो, तेवढा त्यांचा वाटा नाही. सुई, स्पर्श, वेळ आणि अपेक्षा मिळून काम होतं, आणि ते काम खरं असतं.

पावलाबद्दल थेट सांगायचं तर मेलबर्नच्या चार अपघात विभागांतला २०१७चा अभ्यास मी विद्यार्थ्यांना वाचायला लावतो. ५२८ रुग्ण, त्यांत घोटा मुरगळलेलेही होते. सुया, औषधं किंवा दोन्ही, असे गट. सुया औषधांच्या तोडीच्या ठरल्या. वर्तमानपत्रांनी एवढंच छापलं. त्याच अभ्यासातलं दुसरं वाक्य असं की पहिल्या तासाभरात कुठल्याही गटात चाळीस टक्के लोकांनाही पुरेसा आराम पडला नव्हता. टाचदुखीवर ऑस्ट्रेलियातच ८४ जणांवर पोटरी आणि तळव्याच्या स्नायूंमध्ये सुया टोचून पाहिल्या. दुखणं कमी झालं, पण टोचण्याच्या जागी दुखणं, काळंनिळं पडणं असे किरकोळ त्रासही वारंवार झाले. घोटा मुरगळल्यावर सुया बऱ्या की नाही, यावरचे आतापर्यंतचे प्रयोग इतके विस्कळीत आहेत की ठाम उत्तर निघत नाही.

पुराव्यापेक्षा गोष्ट मोठी करून सांगण्याची सवय जुनी आहे. १९७१ साली जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून जगभर सांगितलं जातं की त्याला सुयांनीच भूल दिली होती. त्याने स्वतः लिहिलेल्या लेखात भूल इंजेक्शनची होती. सुया लावल्या त्या नंतर पोट फुगून त्रास होऊ लागला तेव्हा, आणि त्याला बरं वाटलं. खरी गोष्ट पुरेशी चांगली होती. ती फुगवायची गरज नव्हती.

आता ज्या पायाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्याकडे येतो. दुखतं पण हाड जुळलेलं आहे, असा पाय आपण पाहिला. त्याच्या उलट असतो तो पाय : हाड मोडत चाललंय आणि दुखतच नाही. बरीच वर्षं मधुमेह असलेल्याच्या पायाच्या नसा बधिर होतात. तो मोडलेल्या पायावर चालत राहतो. पाऊल गरम, लाल, सुजलेलं, आणि रुग्ण म्हणतो, "दुखत नाही हो, नुसती सूज आहे." ही फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णन केलेली अवस्था. पायाची कमान कोसळते, तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो, जखम होते आणि पाय कापण्यापर्यंत जातं. उपाय एकच : लगेच ओळखणं, पायावरचा भार काढणं, नीट बसवलेलं प्लॅस्टर. अशा पायावर सुया टोचलेला एक रुग्ण माझ्याकडे आला होता. कुठे टोचल्या ते सांगणार नाही. सुयांपाठोपाठ मोक्साही दिला होता, म्हणजे जळत्या वनस्पतीचा शेक. ज्या पायाला चटका कळत नाही त्याला! करंगळीच्या बाजूला रुपयाएवढा भाजल्याचा व्रण होता आणि आत मोडलेली हाडं. त्या माणसाचा पाय वाचला, पण बोटं गेली. सुया टोचताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीतही मी सावध राहायला सांगतो.

केंद्र सरकारने २०१९ साली अॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्याआधीच महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला आहे, नोंदणीसाठी परिषद आहे. ही चांगली गोष्ट आहे, कारण आता सुई कोणाच्या हातात आहे ते विचारता येतं. सुई पाकिटातून समोर फोडली जाते का, एकदाच वापरली जाते का, नोंदणी क्रमांक भिंतीवर आहे का, हे रुग्णाने विचारावं. विचारलेलं आवडत नसेल तर उठावं.

आणि नोंदणी झालेल्या प्रत्येकाला, फिजिओथेरपिस्ट आणि आपल्या फॅमिली डॉक्टरांनाही, ओटावाचे नियम पाठ असावेत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी ते बांधले. घोटा किंवा पाऊल दुखावलेला माणूस लगेच आणि तपासताना चार पावलं टाकू शकत नसेल, किंवा घोट्याच्या मागच्या कडेवर, करंगळीमागच्या हाडाच्या बुडाशी किंवा आतल्या बाजूच्या नौकाकृती हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर फोटो काढायचाच. यातलं काही नसेल तर बहुधा फ्रॅक्चर नाही. पण मधुमेही बधिर पायाला हे नियम लागू नाहीत, त्याला सूज असेल तर फोटो काढावाच. एवढं पाळलं, तर माझ्याकडे उशिरा येणाऱ्या पावलांची संख्या नक्की कमी होईल.

शेवटी एक प्रस्ताव मांडतो. कोटणीसांच्या गावात हा प्रयोग व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पावलाची साधी फ्रॅक्चरं जुळल्यावर, प्लॅस्टर निघून सहा आठवडे झाल्यानंतरही ज्यांना पाऊल टेकवता येत नाही अशा रुग्णांना संमती घेऊन तीन गटांत वाटायचं : एका गटाला फिजिओथेरपी, दुसऱ्याला फिजिओथेरपी आणि शास्त्रोक्त सुया, तिसऱ्याला फिजिओथेरपी आणि कातडीत न शिरणाऱ्या बोथट सुया. मधुमेहींना वगळायचं. मोजणाऱ्याला कोणाला काय दिलं ते माहीत असता कामा नये. मोजायचं काय, तर सपाट पाऊल टेकवून किती वेळ उभं राहता येतं, कामावर कधी परतले, वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या. निकाल काहीही लागो, तो जसा आहे तसा छापायचा. रुग्ण निवडायला आणि फोटो तपासायला मी तयार आहे. सुया टोचायला ज्यांचा मी उल्लेख केला त्या डॉक्टर तयार आहेत. नैतिक समितीसमोर अर्ज करायला एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाची साथ हवी आहे. आज या सभागृहात तिथले प्राध्यापक बसलेले दिसतात; व्याख्यानानंतर मी दाराशी थांबणार आहे.